माहेरच्या पलंगाची गिटार

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. मागं हे ऐकताना माझ्या जावेनं कप उपडा केला होता, सतरंजीचा डाग अजून गेलेला नाही. मला फसवणारा माणूस अख्ख्या घोटावड्यात जन्मायचाय, हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी मलाच मला फसवावं लागलं!

आमच्या वरच्या खोलीत केतन भाड्यानं राहतो. कंपनीत कामाला, आणि गिटार वाजवतो. साधी नव्हे, बेस गिटार. चारच तारा, पण कशा? गुरांच्या दाव्यासारख्या! वाजली की खाली माझ्या मांडणीतली भांडी थरथरतात. त्याला हातानं बनवलेली हवी होती. आमचे मालक सुतार. "करून बगू की!" म्हणाले, आणि लाकूड शोधत शोधत माझ्या पलंगाशी येऊन थांबले.

माझ्या लग्नात वडिलांनी दिलेला शिसवी पलंग! दुसऱ्या कुणी मागितला असता तर उंबऱ्याबाहेर काढला असता. पण केतन गुणी, "काकू, काकू" करणारा. दिली डोक्याकडची फळी काढून. मालकांनी दोन महिने खपून गिटार केली. तपकिरी, अंगावर लाकडाच्या रेघा अशा, की बघतच बसावं.

एका रविवारी केतनचा मित्र आला. शेजारच्या माण गावात डेअरीसमोरच्या बिल्डिंगीत राहतो, डोक्यावर केसांचा बुचडा. त्यानं ती गिटार वाजवली आणि वेडाच झाला. "ही मला दे, बदल्यात माझी परदेशी घे." केतन म्हणाला, "बघू."

बघू? मी जिन्यातच उभी. माझं माहेर, आणि बघू?

गुरुवारी वरचा नळ गळत होता, म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं खोली उघडली. तर काय! आमच्या गिटारीच्या जागी एक काळीकुट्ट गिटार उभी.

तुम्ही काय समजला असता, सांगा? केतन ऑफिसात, मालक पौडला चौकटी बसवायला. विचारायचं कुणाला? आणि कशाला? डोळे होते की मला!

गिटार चादरीत गुंडाळली आणि वडापची जीप धरली. शेजारची बाई दचकलीच. "मावशी, मयत हाय का काय?"

"अजून न्हाई," म्हटलं. "माणला जाऊन पाडते."

बुचडेवाल्यानं दार उघडलं. भिंतीवर सात-आठ गिटारी टांगलेल्या, आणि मधोमध तपकिरी. आमचीच! जत्रेत आपलं लेकरू ओळखू येतं की नाही, तशी ओळखली मी.

"ही घे," मी काळी त्याच्या अंगावर ढकलली, "आन ती दे."

तो गोंधळला. "केतननं पाठवलं का?"

"केतन कोन मला पाठवनारा? मी माज्या अकलेनं आलीया."

"म्हणजे अदलाबदलीला तुमची परवानगी आहे?"

"परवानगी? हुकूम हाय माजा!"

त्यानं काळी मांडीवर घेऊन तार छेडली. डोळे मिटले, मान डोलवली. "काकू, नंतर परत नाही ना मागणार?"

"ही? ही कोन मागतंय!" बघते तर माझ्या बोटांना काळा रंग. "हे बग, रंग सुदिक जातोय! कुना शिकाऊ सुतारानं ठोकलीया. आमच्या मालकांनी असलं काम केलं असतं, तर मी त्यास्नी घरात घेतलं नसतं. ऱ्हाऊ दे तुला. शब्द हाय माजा."

तपकिरी घेऊन घरी आले. लढाई जिंकल्यागत चालत होते हो मी!

संध्याकाळी मालक वर गेले आणि ओरडतच खाली आले. "आगं, काळी गिटार कुटं गेली? पॉलिश वाळलं का बगाया गेलतो."

"कसलं पॉलिश?"

"केतनला स्टेजवर काळी पायजे व्हती. काल रंगवली म्या. तुला सांगितलं असतं तर बोंबलली असतीस, म्हनून गपचीप केलं."

मी आणलेली तपकिरी म्हणजे त्या बुचडेवाल्याची परदेशी! आणि माझ्या वडिलांचं लाकूड मीच माझ्या हातानं देऊन आले होते.

केतन आला आणि पायरीवर मटकन बसला. "काकू, मी त्याला काय सांगितलं होतं? काकूंच्या वडिलांचं लाकूड आहे, त्या हो म्हणाल्या तरच. आणि तुम्ही हुकूमच दिलात? परवा माझा कार्यक्रम आहे हो!"

मी कुणाची माफी मागत नाही. दुसऱ्या सकाळी माणला जाऊन मागितली. बुचडेवाला शांतपणे म्हणाला, "काकू, शब्द होता ना? आणि तुम्हीच म्हणालात, शिकाऊ सुतारानं ठोकलीय."

मालक बाजूलाच उभे. "शिकाऊ?" एवढंच म्हणाले.

मी भिंतीवरच्या गिटारी मोजायला लागले. दोनदा मोजल्या!

शेवटी तो विरघळला. "परत देतो, पण मला अशीच एक करून द्या. ह्याच लाकडाची." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

केतनचा कार्यक्रम झाक झाला. बुचडेवाल्याची गिटारही होत आलीय. पलंगाच्या पायाकडच्या फळीला आवाज जास्तच गोड आहे म्हणे. पलंग उभा राहायचा बंद झाला, मी जमिनीवर झोपते. कुणी विचारलं तर सांगते, पाठीला बरं असतं.

सकाळी मात्र उठवत नाही. मग मालक येतात, हात पुढं करतात आणि विचारतात, "शिकाऊ मानसाचा हात चालंल का?"

धरते. न धरून सांगते कुणाला?