फ्लोरिडात बुडालेलं आरमार आणि आमचं अडलेलं घर

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरासमोरचा बर्फ उपसता उपसता शेखरनं जाहीर केलं, "रिटायर झालो की फ्लोरिडा. समुद्राकाठी." नवऱ्यांना असे साक्षात्कार हातात फावडं असतानाच होतात. सेंट ऑगस्टीनजवळ एक घर त्यानं हेरलंही होतं. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. मला माझं घर, माझ्या मैत्रिणी, काहीच सोडायचं नव्हतं. नकार बॅगेत भरूनच मी निघाले.

शिकागोहून जॅक्सनव्हिलला विमान, तिथून भाड्याची गाडी. हायवे सोडा, किनाऱ्याचा ए-वन-ए रस्ता घ्या. डावीकडे समुद्र इतका सावकाश चालत असतो की आपणही आपोआप वेग कमी करतो.

घर दाखवणारी पल्लवी नागपूरची. "काकू, वादळाचं टेन्शन नका घेऊ. येतात नि जातात."

"छप्पर?"

"एकदम नवीन आहे ना!"

"म्हणजे जुनं गेलं."

शेखर हाडाचा किल्लेवाला. १५६५ साली इथं फ्रेंच आणि स्पॅनिश आरमारं एकमेकांवर उठली, हे वाचून तो गावातल्या किल्ल्याच्या भिंतींवर त्या लढाईच्या खुणा शोधत फिरला. शेवटी तिथल्या रेंजरबाई म्हणाल्या, हा किल्ला तर त्यानंतर शंभरेक वर्षांनी बांधला. "मग लढाई कुठाय?" त्यांनी पाण्याकडे हात केला. तिथं फक्त ऊन हलत होतं.

जेवायला टोमॅटोच्या रश्शातले शिंपले घ्या, आणि इथल्या डाटिल मिरचीचा सॉस मागाच. अमेरिकेत प्रथमच माझं नाक मनापासून वाहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास दक्षिणेला, मातांझासला. तिथली फेरीबोट फुकट, पण सकाळी लवकर पोचा. पाणी दुधी, पेलिकन पक्षी झोपेत असल्यासारखे उडत होते. बोटीवरचा रेंजर सांगत होता: फ्रेंच आपला नदीकाठचा किल्ला जवळजवळ उघडा टाकून स्पॅनिशांवर चालून आले. वादळ उठलं, जहाजं दक्षिणेला भरकटून फुटली. तिकडे स्पॅनिशांनी भर पावसात चालत जाऊन तो किल्ला घेतला. किनाऱ्याला लागलेल्या बहुतेक फ्रेंचांना इथंच मारलं. स्पॅनिशमध्ये मातांझास म्हणजे कत्तली.

"किल्ल्यात मागे कोण होतं?" शेखरनं विचारलं.

"आजारी माणसं, बायका, मुलं."

परतताना बोटीवर शेखरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तुझंच बरोबर. वसलेलं घर सोडून समुद्राच्या नादी लागू नये. सोमवारी नाही म्हणतो."

मी जिंकले. तोफ न उडवता. स्पॅनिशांसारखीच, दुसऱ्याच्या वादळावर. खुशीत यायला हवं होतं. मी मात्र बोटीच्या कठड्याला टेकून भरतीचं पाणी गवतात शिरताना बघत राहिले. इतकी माणसं गिळून ते इतकं शांत कसं, हे कळेना, आणि डोळेही हलेनात.

सोमवारी नेपरव्हिलला पुन्हा बर्फ. रात्रभर मला पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. शेखरनं फोन लावला. पल्लवीचं "बोला काका" मला ऐकू आलं. तो घसा साफ करेपर्यंत मी फोन हिसकावून घेतला.

"पल्लवी, वरच्या खोलीतून पाणी दिसतं का गं? त्या दिवशी घर बघताना मी मुद्दाम वर आले नव्हते."