खवलं, चिकू आणि एक थेंब

आमच्या डहाणूच्या कॉलेजात लॅबच्या बेसिनमध्ये न धुतलेल्या स्लाइड साठतात, तसेच किस्सेही. स्लाइड निदान परीक्षेच्या आधी तरी धुतल्या जातात.

शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावली. घाईत काच ठेवताना आत हवेचा बुडबुडा राहिला. मुलांनी बुडबुड्याचंच सुबक चित्र काढलं. एकाने तर त्यात केंद्रकही दाखवलं. मी विचारलं, "हे कुठे दिसलं तुला?"
"दिसलं नाही मॅडम, पण बरं नाही वाटत त्याच्याशिवाय."

पानाचा पातळ छेद घ्यायचा तर पान गाजरात धरून ब्लेड फिरवतात. एकदा गाजरं नव्हती. आमचे विभागप्रमुख सावे सर घोलवडचे, वाडीवाले. म्हणाले, "गाजर कशाला? घरचे चिकू आहेत." चिकू कच्चे होते. पान, ब्लेड आणि सरांचा अंगठा चिकाने असे चिकटले की सरांना तसंच स्टाफरूमपर्यंत न्यावं लागलं. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले, "चिकू अस्सल आहे."

मला माशाचं खवलं दाखवायचं होतं. समुद्रकाठच्या नरपड गावच्या एका मुलीला सांगितलं, उद्या एक मासा आण. तिने डबा आणला. मासा खवलं काढून, तुकडे करून, वर हळद-मीठ लावलेला. "आई म्हणाली, मॅडमकडे तसाच मासा कसा पाठवायचा?" तिच्या आईचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. प्रॅक्टिकल बुडालं, जेवण झकास झालं.

आणि तलासरीची वनिता. मागच्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये नापास झालेली. या वेळी पास झाली तरच तिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जाता येणार होतं. यीस्ट ओळखायला लावायचं म्हणून सावे सरांनी ताज्या ताडीच्या दोन बाटल्या आणल्या. स्लाइडला लागतो एक थेंब. नेमके वनिताच्या वेळी लाइट गेले. मायक्रोस्कोपमध्ये मिट्ट काळोख, तरी तिने उत्तर लिहिलं, यीस्ट.

मुंबईहून आलेले परीक्षक म्हणाले, "अंधारात दिसलं कसं?"
वनिता स्लाइडकडे बोट दाखवत म्हणाली,
"दिसलं नाही सर. वास आला. ताडीत यीस्ट असतं, मॅडमनी शिकवलंय."

परीक्षकांनी स्लाइड उचलून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग वनिताला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि सावे सरांना विचारलं, "एकच बाटली आणलीत?"
"दोन होत्या. सकाळपासून एकीचं बाष्पीभवन झालं."
परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची जरा पुढे ओढली. "मग दुसरीचं साधारण किती वाजता होतं?"