अकरा वीसची ओळ

एंटर दाबण्याआधी तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचा आणि पडद्यावरची यादी मोठ्याने वाचायचा. "काय काय जातला ता आधी वाचूचा, सर. मगेच हो म्हणूचा."

मालवणात स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. आमच्या शाळेतल्या लिनक्सच्या तीन मशिनींची देखभाल त्याच्याकडेच होती. गणपतीला कुणाकडे गेला, तर आरती संपेपर्यंत त्या घरच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं असायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

मी तेव्हा शाळेत नवा शिक्षक, अजून कायम व्हायचा होतो. मधल्या सुट्टीत पत्त्यांचा गेम खेळायचो. मुख्याध्यापिका बाई लॅब बघायला येणार हे कळल्यावर तो गेम काढायला बसलो. काळ्या पडद्यावर त्यानेच शिकवलेली कमांड दिली. मशीन म्हणालं, यासोबत हेही जाईल, तेही जाईल, चालेल का? यादी दोन पडदे भरून होती. कोण वाचतो? होकाराचं 'वाय' दाबलं. पत्त्यांबरोबर चित्रं, खिडक्या, मेनू, सगळंच गेलं. उरली एक लुकलुकती रेघ.

बाईंनी त्याला बोलावलं. त्याने मशीनची नोंदींची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मंगळवार, अकरा वीस, माझं नाव, माझी कमांड. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवरचा खडू पुसत होतो.

बाई आत आल्या तशी त्याने फाइल बंद केली. गेल्या आठवड्यात तुम्हीच हात लावला होतात ना, म्हणाल्या. काम कणकवलीच्या माणसाला देईन, असंही म्हणाल्या.

"होय बाई, माझ्याच हातून झालं असेल." बाईंसमोर तो मालवणी आवरायचा.

मी खडू पुसत राहिलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सीडी लावून दुपारपर्यंत त्याने सगळं जागेवर आणलं. काम मात्र गेलं, आणि शाळेचं ऐकून आणखी दोघांनी काढून घेतलं. मी जूनमध्ये कायम झालो.

वर्षभराने दुकान बंद करून तो गोव्याला निघाला, तेव्हा स्टँडवर दिसला. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर एसटीच्या खिडकीच्या सीटवर, स्वतः अर्धा सीटबाहेर. मासळीवाल्या मावशीने विचारलं, "ह्या पोराचा तिकीट काढलंस काय रे?" त्याने मुकाट्याने मॉनिटर मांडीवर घेतला.

मी खिडकीशी गेलो. बोलायचं ते अगदी जिभेवर होतं.

"सर, तिनय मशिनी बऱ्यो आसत मा?" त्यानेच विचारलं.

"बऱ्यो आसत," मी म्हणालो. तेवढंच.

त्याचा चेहरा खुलला. कंडक्टरने घंटी मारली, आणि मॉनिटरला दोन्ही हातांनी धरून तो निघून गेला.