आठशे आठचं धुराडं

मर्ल हॉस्टेटरने बायकोचे तुकडे केले, ही बातमी मेपल गल्लीत मंगळवारी सकाळी दहाला पसरली आणि पावणेअकराला खोटी ठरली. मधल्या पाऊण तासात गल्लीने जमेल तेवढी मजा करून घेतली. पुरावाही तसा भक्कमच होता. तळघरातून दोन दिवस करवतीचा आवाज, अंगणात दोरीने आवळलेली जड खोकी, आणि त्याची बायको लोरेन शनिवारपासून कुणाच्या दृष्टीस नाही. शेवटी शेजारच्या डॉटने निव्वळ काळजीपोटी (काळजी हा तिचा शब्द) भोपळ्याचा गरम केक हातात घेतला आणि मर्लचं दार वाजवलं.

"लोरेन आहे का रे?"

"बहिणीकडे गेलीय. सफरचंदं आटवायला."

"आणि तू खाली काय कापतोयस?"

"पाइप फुटला. भिजलेलं लाकूड काढतोय."

डॉटची नजर पायाशी पडलेल्या उघड्या खोक्यात गेली. लाकूड खडखडीत कोरडं होतं आणि त्यावर बोटभर उंचीची पाइनची सात झाडं बर्फ अंगावर घेऊन ताठ उभी होती.

"बरं बाबा," ती म्हणाली. केक मात्र तिने सोडला नाही, तसाच परत नेला. बायको जिवंत निघाली म्हटल्यावर सांत्वनाचा केक द्यायचा कशाला?

मर्ल कापत होता ती त्याची स्वतःची रेल्वे. एकोणीस वर्षं खपून उभी केलेली.

हा माणूस जिल्ह्याच्या रस्ते खात्यात नकाशे काढायचा. रेघ जाडसर निघाली तर त्या दिवशी धड जेवायचा नाही. निवृत्त झाला तसा तो तळघरात उतरला आणि जेवणापुरताच वर येऊ लागला. खाली त्याने स्टोनी रन रेल्वे उभी केली, सत्त्याऐंशी पट लहान, आणि तीही एकाच दिवसाची: १९५२ सालच्या फेब्रुवारीतला, कोळशाच्या खाणीकडे जाणाऱ्या फाट्यावरचा एक दिवस. ती खाण बंद पडली, रूळ उखडले, पुराने उरलंसुरलं नेलं आणि कंपनीचे कागद जळाले. शिल्लक राहिला एक फोटो. बर्फ, पाण्याची टाकी, आणि पुढे आठशे आठ नंबरचा गार्डाचा डबा. मर्लने भिंग लावून त्या डब्याच्या पत्र्याचे रिव्हेट मोजले. दिसत होते तेवढे चारशे बारा. त्याच्या डब्यालाही चारशे बारा, मोहरीहून बारीक, सुईच्या टोकाने एकेक उठवलेले.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एवढं नेमकं काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची चूक फार लांबून दिसायला लागते. गावच्या छोट्या रेल्वेवाल्यांचा मेळावा दर वसंतात बंबखान्याच्या हॉलमध्ये भरतो, आणि मर्ल तिथला परीक्षक. कुणाच्या इंजिनाची घंटा एका वर्षाने नवी निघाली तर तो त्याला सगळ्यांसमोर विचारायचा, "ही घंटा उद्याच्या गाडीने आणवली वाटतं?" लोक हसायचे. ज्याची घंटा असेल, तो सोडून.

यंदाच्या वसंतात क्लाइड झुब्रिक आला. वय अठ्ठ्याऐंशी, राहणार त्याच गल्लीत, चार घरं पलीकडे. तरुणपणी तो खाणीच्या फाट्यावर गार्ड होता. खुद्द आठशे आठमध्ये त्याने सहा हिवाळे काढलेले. सिगारच्या रिकाम्या पेटीत कापूस घालून त्याने आपला आठशे आठ आणला होता. काम ओबडधोबड, रंग जरा ओघळलेला. मर्लने तो डबा उचलून, फोटोतल्यासारखी तीन खिडक्यांची बाजू आपल्याकडे करून पाहिला.

"क्लाइड, शेगडीचं धुराडं उजव्या हाताला लावलंत."

"तिथेच होतं ते."

मर्लने खिशातून फोटो काढला, म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डाव्या हाताला. फोटो विसरत नाही हो, माणूस विसरतो."

क्लाइडने फोटोकडे बराच वेळ पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मर्लने कार्डावर लिहिलं, 'धुराडं चुकीच्या टोकाला, वजा दहा.' म्हाताऱ्याने कार्ड आणि डबा पेटीत ठेवून झाकण लावलं, आणि त्यानंतर रेल्वेवाल्यांच्या गुरुवारच्या बैठकीला तो कधी आला नाही. वय झालं, असं मर्लने सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

ऑक्टोबरात इथले हौशी लोक एक शनिवार आपापल्या तळघरांची दारं उघडी ठेवतात. तीन जिल्ह्यांतली माणसं पायपुसण्याला बूट घासून आत येतात, बिस्किटं खातात आणि हात मागे बांधून गाड्या बघतात. यंदा यादीत पहिलं नाव मर्लचं होतं. म्हणून त्याने तो फोटो हातभर मोठा करून आणला आणि लोरेनला जिन्यात टांगायला दिला. लोरेन चर्चच्या बायकांचे कपडे बेतते. खिळा ठोकता ठोकता ती थांबली.

"मर्ल, डब्याच्या पायरीवर हा कोण उभा आहे?"

"असेल कुणीतरी. रेल्वेचा माणूस."

"मग याने बायकी कोट का घातलाय?"

"म्हणजे?"

"बटणं बघ. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. याची उजवी आलीय."

मर्ल जवळ गेला. एकोणीस वर्षांत त्याने त्या माणसाच्या डोक्यावरचे रिव्हेट मोजले, पायाखालची फळी मोजली, पण त्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. फोटो उचलून तो न्हाणीघरात घेऊन गेला आणि आरशासमोर धरला. आरशात कोट पुरुषाचा झाला. टाकी पलीकडे गेली. धुराडं उजव्या हाताला आलं. आणि नंबर? इंग्रजी आठ, शून्य, आठ. उलटे करा, सुलटे करा, आठशे आठच. डब्यावर दुसरं एक अक्षर असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की फोटो छापताना निगेटिव्ह उलटी पडली होती.

त्याची अख्खी खाण उलटी होती. क्लाइडचा ओघळलेल्या रंगाचा डबा बरोबर होता.

लोरेनने एवढंच विचारलं, "क्लाइडला कधी सांगतोयस?"

"सांगतो," मर्ल म्हणाला. ती बहिणीकडे गेली आणि याने करवत काढली. खाणीचा भाग कापून टाकायचा, पाइप फुटला म्हणायचं, दाराबाहेर पाटी लावायची: यंदा बंद. डबा कुणी बघणार नाही, मग कुणी विचारणार नाही. असा हिशेब माणूस पकडला जाण्याच्या भीतीने करतो, पण मर्लला पकडणारं कुणी नव्हतं. नेमकं हेच त्याला सहन होत नव्हतं. कापताना त्याला सारखा क्लाइडचा चेहरा दिसत होता, उघडून मिटलेलं ते तोंड दिसत होतं, आणि करवत वाकडी जात होती. सरळ रेघेच्या माणसाची करवत!

बुधवारी दुपारी लोरेन सफरचंदाच्या बारा बरण्या घेऊन परतली. डॉटने तिला फाटकातच गाठून, तू मेली होतीस, इथपासून सगळं सांगितलं. लोरेन तळघरात उतरली. अर्धी रेल्वे जमिनीवर होती.

"दोन दिवस करवत चालवायला जमलं," ती म्हणाली, "आणि चार घरं चालत जायला पाय दुखले?"

मर्लने मान खाली घातली. मग फोटो काखेत मारला, एक बरणी उचलली आणि निघाला. डॉटच्या खिडकीचा पडदा हलला तेव्हा त्याने रोजच्यासारखी टोपीसुद्धा उचलली नाही.

क्लाइड स्वयंपाकघरात कोबीचं सूप पीत होता. समोर भिंतीवर चिठ्ठ्या डकवलेल्या: गॅस बंद कर. किल्ली खुंटीवर. आज बुधवार.

मर्लने फोटो टेबलावर ठेवला. "क्लाइड, फोटो उलटा छापलाय. धुराडं उजव्या हाताला होतं. तुमचं बरोबर होतं, मी चुकलो."

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. पायरीवरच्या माणसावर बोट टेकवलं.

"हा मी आहे."

"काय?"

"मीच. आईने शिवलेला कोट. हॉलमध्ये बघितल्याबरोबर ओळखला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत हो?"

"तू धुराड्याचं विचारलंस. हा माणूस कोण, हे कुठे विचारलंस? आणि खरं सांगू? मला वाटलं, गेलं आपलं डोकं. सहा हिवाळे ज्या शेगडीवर हात शेकले, तिचं धुराडं कुठे होतं ते मला आठवत नाही! घरी येऊन पोरीला फोन केला. तिने डॉक्टरकडे नेलं. त्या चिठ्ठ्या तिनेच लावल्यात."

मर्लने चिठ्ठ्यांकडे बघितलं. दहा गुण कार्डावर खोडता आले असते. आज बुधवार, हे कुठल्या रबराने खोडायचं? त्याच्या हातातली बरणी तशीच राहिली होती. ती शेवटी क्लाइडने काढून घेतली, झाकण उघडलं आणि आतला गर पावाला लावून खायला लागला.

"शनिवारी तुमचा डबा माझ्या रुळावर ठेवाल?" मर्लने विचारलं. "खाली पाटी लावतो. मी काय बोललो होतो आणि खरं काय होतं, दोन्ही लिहितो. तुमच्या मुलीलाही आज मीच फोन करतो."

"फोन कर," क्लाइड म्हणाला. "डबा आणीन. पण रूळ कापलेस ना, गाढवा? डॉट सांगत होती."

"अर्धे."

"उरलेले ठेव. भिंतीला मोठा आरसा लाव. आरशात बघितलं की खाण सुलटी! एकोणीस वर्षं फुकट कशाला घालवतोस?"

म्हातारा आपल्याच युक्तीवर खूश होऊन हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला. मर्लने पाण्याचा पेला भरून दिला.

"आरसा नको, क्लाइड," तो म्हणाला. "त्यात खाणीच्या मागे मी उभा दिसेन."