मे महिन्यातला नवरदेव आणि अंगरख्याचा हट्ट

लग्न मे महिन्यात ठरलं त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, थ्री-पीस घालणार नाही. नुकताच एका मित्राला भर दुपारी सुटात उकडताना पाहिलं होतं. त्यात अश्विनीनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोनं, एक ऐतिहासिक सिनेमा दाखवला. त्यातले सरदार पातळ सुती अंगरखे घालून उन्हातान्हात खुशाल हिंडत होते. बगलेत ऐसपैस, छातीवर बांधायचे बंद, खाली मोकळा घेर. मी सिनेमा थांबवून फोनवर फोटोच काढला. आपल्या उन्हाचे कपडे आपल्याकडं असताना आपण कुणाच्या थंडीचे कपडे घालतोय?

अडचण एकच होती. आमच्याकडं बस्त्यात, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीत, नवरदेवाचा पोशाख मुलीचे वडील घेतात. बस्ता लातूरला, तेव्हा भांडायला तिकडं जाणं भाग होतं.

नांदेडहून सकाळची एसटी धरली तर उजव्या खिडकीला बसा, ऊन डावीकडून येतं. लोहा मागं टाकून अहमदपूरला चहा होतो आणि जेवणाच्या आत लातूर. गंजगोलाईच्या बाजारात उतरून कापडाच्या दुकानात शिरलो, तर दोन्हीकडची मंडळी गाद्यांवर ऐसपैस बसलेली. सासऱ्यांनी माझ्यासाठी मरून रंगाचा चकचकीत सूट आधीच काढून ठेवला होता. त्यांचं औशाला किराणा दुकान, अर्धा तालुका ओळखीचा. मी फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि फोन परत दिला.

"जावईबापू, हे नाटकात चालतंय. मांडवात लोक म्हनतील, पोरीच्या बापाला साधा सूट घेणं झालं न्हाई."

"मामा, लोक पंख्याखाली बसतील. होमासमोर मी बसणार आहे."

अश्विनी साडीच्या घडीत तोंड लपवून हसत होती. सासऱ्यांनी सूट बांधायला सांगितला. घालायचा की नाही ते माझं मी बघावं, पण घेणार म्हणजे घेणार. मग मी पांढरं मलमल माझ्या पैशानं घेतलं. ते त्यांना लागलं, मला दिसलं, तरी घेतलं.

मागच्या गल्लीतल्या टेलर चाचांकडं शिवायला टाकलं. लातूरला शिवायला टाकणार असाल तर एक फेरी जास्तीची धरून चला. पुढच्या आठवड्यात घ्यायला गेलो तर अंगरख्याला आतून जाड अस्तर आणि खांद्यांत पॅड. अंगात घालताच पाठीवर घामाची धार लागली. चाचांना विचारलं तर ते माझ्यावरच चिडले. नवऱ्याचं कापड अस्तराबिगर दिलं तर दुकानाचं नाव जाईल, म्हणाले. ज्याला त्याला नावाची काळजी आणि घाम मात्र माझा! अस्तर उसवून होईपर्यंत मी त्यांच्या स्टुलावरून हललो नाही.

लग्न औशाला. लातूरहून सोलापूर रस्त्यानं गाड्या भरपूर आहेत. तिथला किल्ला बघायचा तर सकाळीच, दुपारी दगड तापतात. मी अंगरखा घालून मांडवात पाऊल टाकलं आणि थबकलो. दारातच, येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल असा, तो मरून सूट हँगरला टांगलेला. शेजारी सासरे उभे. स्वतः कोट घालून घामाघूम, आणि पाहुण्यांना अडवून सांगत होते, "आमी घेतलाय. हात लावून बघा. जावईच घालंना."

मला भयंकर राग आला. बोहल्यावरही तो उतरला नाही. पण अंगरख्यातून वारा खेळत होता आणि मी एकदाही रुमाल काढला नाही.

आता नांदेडला परत येऊन महिना झाला. सूट कपाटात आहे. आईनं दोनदा घालायला सुचवलं, मी दोनदा नाही म्हणालो. अंगरखा मात्र उकाड्यात सर्रास घालतो, बाजारातसुद्धा, आणि बघणाऱ्यांना खुशाल बघू देतो. राग कधी ओसरला कळलं नाही. सासरे त्या दिवशी मुकाट्यानं माझं ऐकून बसले असते, तर ते मला इतके आवडले नसते.

परवा अल्बम आला. त्यांना फोटो पाठवले. संध्याकाळी फोन आला.

"बघितले. समदे भिजलेत, तुमी तेवढे कोरडे," ते म्हणाले. मी पुढचं ऐकायला थांबलो.

"पर सूटबी आलाय बरं का फोटोत. चांगला पष्ट आलाय."