कुंदाच्या घरातली शांतता

कुंदा गेल्याचा फोन तिच्या धाकट्या दिराचा होता. म्हणाला, "वहिनी गेल्या... डोक्याचंच दुखणं, शेवटी घेऊन गेलं." मी फोनवरच त्याच्यावर खेकसले. कुंदा पोटाच्या कॅन्सरनं गेली. डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं. पण त्या घरात बारा वर्षं साधी शिंक आली तरी खापर डोक्यावरच फुटायचं.

नाशिकरोडच्या एकाच शाळेत आम्ही दोघी. ती गणित शिकवायची आणि तिचा आवाज पार मैदानापर्यंत जायचा. शहाण्णव साली सारखं डोकं दुखतं म्हणून तपासण्या झाल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचं कळलं. फुटलेला नव्हता. कदाचित कधीच फुटला नसता, कदाचित दुसऱ्याच दिवशी फुटला असता... मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही शक्यता स्पष्ट सांगितल्या. ऑपरेशनचा निर्णय कुंदानं स्वतः घेतला. कवटी उघडून फुग्याला क्लिप लावली. पुढं कपाळाच्या कडेला एक खळगा राहिला, दुपारनंतर ती गळून जायची, वर्गातल्या मुलांची नावं मध्येच हरवायची. एवढंच. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, "आता हे विसरा. पहिल्यासारखं जगा."

विसरतंय कोण! तिचे यजमान भास्करराव मनमाडला रेल्वेत, रोज अप-डाउन करणारा अतिशय सज्जन माणूस. त्यांच्या मनात 'फुटला असता' एवढंच रुतून बसलं. घरातला टीव्ही बारीक झाला. मुलांचे कमी पडलेले मार्क, जावेचे टोमणे, सगळं तिच्यापासून लपू लागलं. ती चिडली की भास्करराव आणि दोन्ही मुलं, तिघंही "हो हो, तुझंच बरोबर" म्हणून मोकळे. कळवणला तिचे वडील वारले, तेव्हा मातीला सगळे गेले आणि तिला नंतर सांगितलं. "शैला, यांच्याशी भांडताच येत नाही गं, उशीवर बुक्क्या मारल्यासारखं वाटतं," म्हणत ती माझ्याकडे यायची आणि कशावरूनही वाद उकरून काढायची. मीही तिला सोडत नसे.

गेल्या दिवाळीनंतर पोटातली गाठ सापडली. तिला 'अल्सर' म्हणून सांगितलं गेलं आणि भास्कररावांनी माझ्यापुढे हात जोडले, "ताई, तिच्या डोक्याला सोसायचं नाही हो." मी गप्प बसले, पण आतून जळत होते. एका संध्याकाळी तिच्या घरी गेले, तर तिनंच माझं मनगट धरलं. "माझ्या डोक्यात क्लिप आहे, भुसा नाही. काय झालंय मला?"

मी सांगितलं.

तिनं भास्कररावांना हाक मारली, आणि मग... काय भांडली ती! सुरुवात वडिलांपासून. "माझा बाप गेला आणि मला शेवटचं तोंडही पाहू दिलं नाहीत! आता माझं मरणही परस्पर उरकणार होतात?" शेजारच्या बायका गॅलरीत आल्या. भास्करराव पांढरेफटक पडून नुसते त्या खळग्याकडे बघत होते. काहीही फुटलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात श्रद्धांजली वाहताना कुणीतरी बोललंच, "ताईंनी डोक्याच्या आजाराशी बारा वर्षं झुंज दिली." माणसं पांगल्यावर भास्करराव माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, तुम्ही सांगितलं नसतं, तर अजून थोडी राहिली असती का हो?" तो प्रश्न मला आजही छळतो.

"पण भांडली हो," ते हळूच म्हणाले. "किती वर्षांनी भांडली माझ्याशी..."

तेवढ्यात आत दोन्ही मुलांची कशावरून तरी जुंपली. आवाज चढले. भास्कररावांनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं, तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि ते बोट तिथंच राहिलं.