दर्याला दिलेला उजवा हात

"एक तरी बांगडी फोडून दाखव, गुणवंते! हात मोडून ठेवीन!"

"मोडा. पण आये, मला रडू तरी द्या."

"रडायला झालंय काय? नवरा परमुलखात आहे तुझा."

"परमुलखात नाही. मातीत आहे."

काशीबाईनं सुनेचा डावा हात हिरव्या चुड्यासकट मुठीत आवळला. उजव्या हातात नुसतं चांदीचं कडं. त्या हातातल्या काचेच्या बांगड्या लग्नातच काशीबाईनं माहीमच्या दर्यात सोडल्या होत्या. कोळणीनं एक हात दर्याला द्यायचा आणि दर्यानं तिचा धनी राखायचा, ही वाडवडलांपासूनची बोली.

पुढं काशीबाईचा मुलगा धर्मा आगबोटीवर खलाशी झाला. परवा त्याचा सोबती रघू एकटाच परतला. नेपल्स बंदरात धर्माला तापानं गाठलं, तिथल्या इस्पितळात त्याचा जीव गेला, आम्ही चौघांनी माती दिली, असं त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. तेव्हापासून काशीबाईनं सुतक पाळलं नव्हतं. चूल पेटती ठेवली होती. समाचाराला आलेल्या शेजारणींना तिनं शिव्या घालून पिटाळलं होतं.

"रघूनं डोळ्यांनी पाहिलं, आये."

"त्यानं आणखी पण पाहिलं ना? डोंगर धूर ओकतो म्हणे. गाव ग्रीक लोकांनी वसवलेलं, अडीच हजार वर्षांचं. कोळी किनाऱ्यावर जाळी वाळवतात, आपल्यासारखीच. एवढं जुनं बंदर गो! किती तारवं आली, किती सुखरूप माघारी धाडली असतील. ते माझंच पोर ठेवून घेईल?"

"बंदरानं नाही, दर्यानंही नाही. दर्यानं आपला शब्द पाळला. माझा धनी खाटेवर गेला, पाण्यात नाही."

"खाटेवर मरायला तो काय वाणी आहे?"

गुणवंतीला हसू आलं. तोंड फिरवावं म्हणून तिनं भिंतीकडं पाहिलं. खुंटी रिकामी होती. धर्मानं स्वतः विणलेला पाग, ज्याला तो बायकोलाही हात लावू देत नसे, तिथं टांगलेला असायचा. आज पहाटे ते जाळं खांद्यावर टाकून शेजारचा धोंडू खाडीकडं जाताना तिनं पाहिला होता.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तो येणार."

"येणार!"

"मग त्याचा पाग तुम्ही धोंडूला का दिलात, आये?"

काशीबाईची मूठ सुटली. सुनेच्या मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते. त्यांच्याकडं ती पाहत राहिली. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, रिकामी पाटी उचलली आणि बाहेर उन्हात निघून गेली.